सासू नावाचा खडक

वहिनींच्या टेबलावर कायम कुणाचे ना कुणाचे जबडे हसत पडलेले असत. कुणाचा वरचा, कुणाचा खालचा, कुणाचे नुसतेच पुढचे दात. वहिनी कवळ्या बनवत. डॉक्टरांकडून माप आलं की त्यावरून त्या प्लास्टरचा जबडा ओतत, मेणात एकेक दात बसवत, आणि पातळसातळ खाऊन दिवस काढणारा माणूस पुन्हा सफरचंद फोडू लागे. "या शहरातले निम्मे म्हातारे माझ्या जिवावर हसतात," असं त्या म्हणत, आणि स्वतः मात्र क्वचितच हसत.

ओळखीपाळखीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. सख्ख्या वहिनी मात्र त्या एकाच माणसाच्या होत्या, आणि सूड घ्यायचा होता तो नेमका त्याच्यावर.

त्यांचे यजमान म्हणजे दादा. चित्रांच्या चौकटी बनवणारे, मितभाषी, लाकडाचा कोपरा असा जुळवणारे की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. दादांना एकच नाद होता, खडकावर चढणाऱ्या छोट्या ट्रकचा. मांडीवर मावेल एवढा ट्रक, हातात रिमोट. शर्यतीच्या गाड्यांसारखा तो सुसाट पळत नाही. मुंगीच्या चालीने दगडावर चढतो, एक चाक हवेत, एक कपारीत, आणि बघणाऱ्याचा जीव टांगणीला. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत दर रविवारी या मंडळींचा मेळा भरे. खडकांना नावं ठेवलेली होती. एक होता उंबरठा, एक घसरगुंडी, आणि शेवटी गुडघ्याएवढ्या उंचीची, सरळ तोंडाची, गुळगुळीत कपाळाची सासू. तिच्या पुढ्यात भलेभले नमत.

दादांचा धाकटा भाऊही त्या मेळ्यात असे. तो गाडी चालवायला शिकवायची शाळा चालवी, म्हणून लोक त्याला मास्तर म्हणत. वहिनींचे ते भाऊजी. माणूस हजरजबाबी, आवाज खणखणीत, नकला करण्यात पटाईत. चार माणसं जमली की तो पाचव्याची नक्कल करणार हे ठरलेलं.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत ते पाचवे दादा निघाले.

दादांच्या उजव्या हाताला तेव्हा नुकताच कंप सुटला होता. औषधं चालू होती, पण बोट ऐकत नव्हतं. सासूच्या अंगावर अर्ध्या वाटेत ट्रक अडला आणि थरथरू लागला, कारण रिमोटवरचं बोट थरथरत होतं. मग तो कलंडला आणि पाठीवर पडला. एवढं होऊन मिटलं असतं. पण भाऊजींनी स्वतःचा रिमोट उचलला, हात लटलट हलवला, मग खांदा, मग मान, मग अख्खं अंग, आणि ओरडले, "अरे, दादाच्या ट्रकला थंडी वाजतेय! कुणीतरी स्वेटर घाला रे त्याला!"

नक्कल उत्तम होती, वाईट झालं ते तिथेच. फसलेली नक्कल लोक विसरतात. ही अशी जमली की खाण हशाने दणाणली. आणि दादाही हसले. समोरच्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसले. आपल्या माणसाचं तसलं हसू वहिनींनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते त्यांच्या काळजात रुतून बसलं.

घरी आल्यावर दादांनी ट्रक कपाटावर ठेवला. पुढच्या रविवारी "कंटाळा आलाय" म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच म्हणाले नाहीत. खुर्ची खिडकीशी ओढून बसू लागले.

वहिनींच्या पोटात राग मावत नसे असं कुणी म्हणू नये. चांगला मावे, आणि आत राहून लोणच्यासारखा मुरे. एके दिवशी त्यांनी स्टुलावर चढून ट्रक खाली काढला, धूळ पुसली आणि आपल्या टेबलावर जबड्यांच्या मधोमध ठेवला.

"हे काय?" दादांनी विचारलं.

"मी उतरणार आहे स्पर्धेत."

"तू? अगं, तुला साधी सायकल येत नाही."

"सायकलवर बसावं लागतं. यावर कुठे बसायचंय?"

"कशासाठी पण?"

"सासू चढायची. भाऊजींच्या नाकावर टिच्चून. त्याच जागी, त्याच लोकांदेखत, तुमच्याच ट्रकने."

दादा खुर्चीत जाऊन बसले. मग हळूच म्हणाले, "तो माझा भाऊ आहे गं."

"तुमचा आहे. माझा नाही."

दादांनी शिकवायला साफ नकार दिला. वहिनींनी आग्रह केला नाही. चौकटी बनवणाऱ्याला वाकडं काम डोळ्यांनी बघवत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. त्या मुद्दाम खिडकीजवळ बसून ट्रक खोलू लागल्या आणि मुद्दाम चुकीचा जोडू लागल्या. जड बॅटरी त्यांनी वर, छपराजवळ बांधली आणि मोठ्याने म्हणाल्या, "हं, आता कसा भारदस्त दिसतोय!"

खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "खाली."

"काय खाली?"

"वजन खाली पाहिजे. डोक्यावर माठ घेऊन जिना चढतेस का कधी? आणि पुढे घे. चढताना पुढची चाकं दगडाला चिकटली पाहिजेत. मागे वजन राहिलं तर गाडी उताणी पडणार." मग जरा थांबून, "आणि मी शिकवत नाहीये."

"नाहीच मुळी," वहिनी म्हणाल्या आणि बॅटरी पुढे, खाली नेली.

अशी ती न शिकवलेली शिकवणी चालू झाली. पुढच्या चाकांच्या आत शिशाची तार गुंडाळली गेली. पुढच्या आसावर पितळेचे तुकडे बसले, ते वहिनींनी स्वतः कानशीने घासून बेतले. दात घासून बसवणाऱ्या हाताला पितळ काय अवघड? रिमोट दाबला की ट्रकचं अंग एका कुशीला झुकतं, म्हणून त्या बाजूची स्प्रिंग किंचित ताठ केली. धक्के झेलणाऱ्या शॉकमधलं तेल बदललं. टायरच्या आतला स्पंज कातरला, म्हणजे टायर दगडावर पोळीसारखा पसरेल. मग फळीची परीक्षा. ट्रक फळीवर आडवा उभा करायचा आणि फळीची एक कड उचलत जायची. कुठवर तग धरतो आणि कुठे कलंडतो ते बघायचं. पहिल्यांदा तो लगेच झोपला. नंतर नंतर फळी उभी राहायला आली तरी ट्रक घोरपडीसारखा चिकटून राही.

एक युक्ती मात्र सर्वस्वी वहिनींची. कवळी तोंडात नीट बसली का हे बघायला दातांमध्ये रंगाचा पातळ कागद चावायला देतात. जिथे डाग गडद, तिथे दाब जास्त. वहिनींनी तोच कागद चारी चाकांखाली घातला, ट्रक हलकेच दाबला आणि उमटलेले डाग भिंगातून पाहिले. डावं पुढचं चाक गडद, उजवं फिकट.

"डाव्या दाढेवर चावतोय हा," त्या म्हणाल्या.

दादा खुर्चीवरून उठून आले. कागद उजेडात धरला. हात थरथरत होता, कागद फडफडत होता, पण दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. "हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं," दादा म्हणाले.

"तुम्हा पुरुषांना दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय नाही. नुसती तोंडाला तोंड द्यायची."

सरावाला खडक हवा होता. खाणीत जाऊन सराव केला तर भाऊजींच्या कानावर जाणार. वहिनींनी मग आपल्या धंद्याचा मार्ग धरला. डॉक्टरांकडून दातांचं माप घ्यायच्या गुलाबी लगद्याची मुदत उलटलेली पाकिटं मागून आणली, आणि एका आडवारी, खाणीत चिटपाखरू नसताना, बादलीभर लगदा कालवून चक्क सासूचं माप घेतलं. सासूच्या तोंडावर गुलाबी लेप थापून वहिनी शेजारी बसून राहिल्या, आणि लेप घट्ट झाल्यावर हलक्या हाताने सोडवला. घरी त्यात प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी कामाच्या खोलीत सासू हजर! तोच कपाळाचा उंचवटा, तीच मधली कपार, तीच चकवणारी डावी कड. वहिनी तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "या. बसा."

महिनोन् महिने त्या सासूवर ट्रक चढत राहिला. दिवसभराच्या कवळ्या हातावेगळ्या केल्या की वहिनी रिमोट उचलत. आधी उताणा पडे, मग अडे, मग चढे, आणि शेवटी शेवटी असा चढू लागला की जणू दगडच त्याला वर ओढून घेतोय. चुकलं की आणखी थोडं वजन पुढे. आणखी एक पितळेचा तुकडा नाकाशी. दर वेळी वहिनींच्या डोळ्यांपुढे स्वेटर मागणारे भाऊजी येत आणि बोट आपोआप घट्ट होई.

एकदा दादा म्हणाले, "चढतोय छान. पण माप तू पुढचंच घेतलंस. पलीकडच्या बाजूचं काय?"

"पलीकडे कोण बघतंय? लोक हसले होते ते चढावर."

"चढलेल्याला उतरावं लागतं."

"चढले की जिंकले. उतरणं म्हणजे काय, वजनाचं काम. आपोआप होतं."

दादा खुर्चीकडे गेले. बायकोच्या रागाच्या आड येऊ नये, असं त्यांचं जुनं धोरण होतं.

स्पर्धेच्या दिवशी वहिनींनी दादांना जवळजवळ ओढतच खाणीत नेलं. चष्म्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ दरवर्षी पंच असत. त्यांनी नियम सांगितले. खडकांमध्ये रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून गाडी न्यायची. काठीला धक्का लागला तर थोडे गुण जाणार, गाडी उलटली तर पुष्कळ जाणार. शेवटी सासू, अलीकडून चढून पलीकडे उतरायची.

वहिनींच्या हातात रिमोट पाहून भाऊजींनी हात जोडले. "अरे वा! सासूला सून भेटली म्हणायची!"

"भेटली. जरा उशिरा भेटली, पण तयारी करून आलीय."

"दादा, तू पण खेळणार ना?"

"मी बघणार," दादा म्हणाले.

भाऊजी चालवायचे मात्र झकास, हे कबूल करायला हवं. उंबरठा, घसरगुंडी त्यांनी लीलया मारली. सासूही चढले आणि उतरले, फक्त उतरताना शेवटच्या काठीला मागचं चाक निसटतं लागलं. काठी हलली. पंचांनी बोट वर केलं. भाऊजींनी त्या काठीची नक्कल केली, लोक हसले.

मग वहिनी पुढे झाल्या. उंबरठ्यावर कुठे काठीला धक्का लागला नाही. घसरगुंडीवर ट्रक आडवा झुकला, पण पडला नाही. आणि मग सासू.

वहिनींना खाण दिसेनाशी झाली. त्यांच्यापुढे त्यांची कामाची खोली होती. कपाळाच्या उंचवट्याशी नाक टेकवलं, डाव्या कडेला फसवून उजवं चाक कपारीत घातलं, बोट हलकं केलं, मग दाबलं. पितळेने जड झालेलं नाक दगडाला घोरपडीसारखं चिकटलं आणि ट्रक एका दमात, कुठेही न थरथरता, सासूच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला. आजवर इतक्या सफाईने ती कुणी चढलं नव्हतं. टाळ्या अशा पडल्या की जुन्या नटाला पडदा पुन्हा वर घ्यावासा वाटेल. वहिनींनी ट्रककडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींच्या तोंडचं हसू मावळलं होतं. आता नुसतं उतरायचं, काठीला न शिवता, की भाऊजी मागे पडले.

वहिनींनी ट्रक कडेशी नेला आणि बोट उचललं. पलीकडचा उतार त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. तो भिंतीसारखा होता. ट्रकचं सगळं वजन नाकात. एक वीत पुढे गेला की कोलांटी.

"वहिनी, थांबा!" भाऊजींचा आवाज आला. आवाजात थट्टा नव्हती. रोज शिकाऊ लोकांना सांभाळणाऱ्या मास्तरांचा तो आवाज होता. "सरळ उतरू नका! वरच तोंड फिरवा आणि रिव्हर्समध्ये उतरा. जड बाजू वर राहू दे!"

"बरोबर सांगतोय तो," दादा हळूच म्हणाले.

बरोबर सांगतोय हे वहिनींनाही कळत होतं. तेच तर डोक्यात गेलं. वर्षभर ज्याला हरवायला पितळ घासलं, त्याच्याच सांगण्याने जिंकायचं? आणि मग जन्मभर ऐकायचं, "वहिनी जिंकल्या, पण शिकवलं कुणी?" छे! त्यापेक्षा सासूच्या डोक्यावरून उडी मारलेली बरी.

"भाऊजी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुमच्या शाळेत मी नाव घातलेलं नाही."

खाण हसली. वहिनींनी बोट दाबलं.

ट्रक नाकावर आपटला, सुरेख कोलांटी खाल्ली, छपरावर पडला आणि चारी चाकं आभाळाकडे करून गरागरा फिरवू लागला. पंचांनी चष्मा काढून पुसला. कुणी हसेना. सगळे दादांकडे बघू लागले.

आणि दादा हसले. वर्षभरात न ऐकलेलं, पोटातून आलेलं, डोळ्यांत पाणी आणणारं हसू. खाली बसून, गुडघे धरून हसले. "अगं बाई, सगळा राग नेऊन त्याच्या नाकात भरलास, मग नाकावरच पडणार ना तो!"

"हसा!" वहिनी लालबुंद झाल्या. "माझ्यावरच हसा!"

दादा उठले, दगडांतून सांभाळत गेले आणि ट्रक उचलून आणला. एका सपाट दगडावर ठेवून पट्टा सोडला आणि बॅटरी मागे सरकवू लागले. बोटं थरथरत होती. पट्ट्याचं टोक बक्कलात जाईना. भाऊजींनी मदतीला हात पुढे केला. वहिनींनी असा काही कटाक्ष टाकला की तो हात हवेतच परत फिरला. सगळे उभे राहून बघत होते, कुणी घाई केली नाही. शेवटी पट्टा बसला. दादांनी मान वर केली. "आता उतरेल. पुढच्या रविवारी मी दाखवतो." आणि असं म्हणाले जणू गेल्या रविवारीही ते इथेच होते.

बक्षिसाची ढाल अर्थातच भाऊजींना मिळाली.

परतताना भाऊजी म्हणाले, "चला, सोडतो घरी." गाडी त्यांच्या शाळेची, छपरावर शाळेची पाटी. दादा ट्रक मांडीवर घेऊन मागे बसले. वहिनी नेहमी मागे बसत, पण आज म्हणाल्या, "मी पुढे बसते." ढाल समोर काचेपाशी ठेवलेली होती. वहिनींनी ती बघितली आणि पाय लांब केले. त्यांच्या पायाला काहीतरी लागलं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. भाऊजींनी घसा साफ केला. "वहिनी, एक सांगू का, चढ तुमचा झकास होता, पण उतारावर माणसानं जरा ऐकावं…"

गाडी खाडकन थांबली. ढाल पुढे सरकून आपटली. मागून कुणीतरी भोंगा वाजवला.

"अहो वहिनी! तो ब्रेक आहे!"

"हो का?" वहिनी खाली वाकून बघत म्हणाल्या. "तुमच्या बाजूलाही आहे, माझ्या बाजूलाही?"

"शिकवायची गाडी आहे. शिकणारा चुकला तर मास्तरांनी थांबवायला."

"मग बरोबर. चुकणाऱ्याच्या शेजारी बसले आहे मी."

भाऊजी हसले, गाडी पुढे घेतली. "काय बोलता हो! तुम्ही नाटकात असायला हवं होतं. तो दादाचा चेहरा बघितलात का, गेल्या वर्षीसारखा…"

गाडी पुन्हा थांबली. या वेळी वहिनींनी पाय उचलला नाही. मागे दोन गाड्या, मग तीन. भोंग्यांचा गदारोळ उठला.

"वहिनी, पाय काढा! रस्त्याच्या मधोमध आहोत!"

"गेल्या वर्षी तुम्ही माझ्या माणसाचा हात हलवून दाखवलात. भर चारचौघांत."

"गंमत होती ती…"

"पाय तसाच आहे, भाऊजी."

मागच्या गाडीचा चालक खिडकीतून डोकं काढून काहीबाही ओरडू लागला. त्याने छपरावरची पाटी वाचली असावी, कारण तो म्हणाला, "मास्तर, आधी स्वतः शिका!" भाऊजींच्या कपाळावर घाम आला. "बरं, सॉरी वहिनी. सॉरी."

"मला कशाला? मागे बघा."

भाऊजींनी मान वळवली. दादा मांडीवरच्या ट्रकचं चाक बोटाने फिरवत होते. बोट हलत होतं, चाकही त्याबरोबर थोडं थोडं हलत होतं. भाऊजींच्या तोंडी येऊ घातलेली कोटी तिथेच विरली. ज्या हाताने त्यांना लहानपणी सायकल धरून चालवायला शिकवली होती, त्या हाताकडे ते बघत राहिले. बहुधा इतक्या जवळून वर्षभरात पहिल्यांदाच.

"दादा," ते म्हणाले, आणि या खेपेला आवाज कुणाचीही नक्कल नव्हता, "ते मी करायला नको होतं. चुकलं माझं."

दादांनी चाक थांबवलं. "अरे, भोंगे ऐक. लोक शिव्या देतायत. गाडी घे पुढे."

"वहिनी, ऐकलंत ना? दादानं सांगितलं."

वहिनींनी पाय उचलला. गाडी हलली, मागचे भोंगे थांबले, आणि भाऊजी ढाल सरळ करायला एक हात पुढे करून पुन्हा काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांनी शेजारी खाली पाहिलं. वहिनींनी चप्पल काढून ठेवली होती, आणि त्यांचं पाऊल ब्रेकच्या जरासं वर, अगदी हलक्या हाताने दात बसवावा तसं, तरंगत होतं.

घर अजून बरंच लांब होतं. भाऊजींनी तोंड मिटलं.